बांध कोण कोरतो?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

समुपदेशक होऊ इच्छिणाऱ्या माणसांना शिकवण्याचं काम मी गेली सतरा वर्षं करते आहे. अभ्यासक्रम एका वर्षाचा. वर्गात वीस-पंचवीस जण असतात. शाळेतल्या बाई असतात, परिचारिका असतात, समाजकार्याची पदवी घेतलेली मुलंमुली असतात, बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका असतात. गाव जिल्ह्याचं ठिकाण आहे, पण तसं लहानच. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. पुढे जी उदाहरणं येतील त्यांतली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत, दोन-तीन प्रसंग एकात मिसळले आहेत आणि ज्यांना विचारणं शक्य होतं त्यांना विचारलं आहे. आजचा विषयच असा आहे की ही काळजी घेणं भाग आहे.

लोकांची समजूत अशी, की समुपदेशनाच्या वर्गात बोलायला शिकवत असतील. थोडंफार शिकवतो, त्याहून जास्त ऐकायला शिकवतो. पण वर्गात खरी वादावादी होते ती ‘व्यावसायिक मर्यादा आणि नीती’ या भागावर. एरवी माना डोलावणारी माणसं इथे हमरीतुमरीवर येतात. आलेल्या व्यक्तीशी मैत्री करू नये, तिच्याकडून भेटी घेऊ नयेत, तिच्या घरी जाऊ नये, तिचं कुणाला सांगू नये, आपलंही तिला फार सांगू नये, असं म्हणायला सुरुवात केली की कुणीतरी हात वर करतंच. ‘‘मॅडम, हे तिकडे अमेरिकेत ठीक आहे. आपल्याकडे माणूस माणसाला असं परकं करत नाही.’’ हा आक्षेप दरवर्षी येतो आणि मी तो उडवून लावत नाही. त्यात तथ्य आहे. किती आहे, एवढंच पाहायचं असतं.

पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. इंग्रजीतल्या ‘बाउंडरी’ला आपली पुस्तकं ‘मर्यादा’ म्हणतात. वर्गातल्या बायकांना हा शब्द आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. मोठ्यानं हसू नकोस, उंबऱ्यात उभी राहू नकोस, मर्यादेत राहा, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. ‘सीमा’ म्हटलं की सैन्य आठवतं. एकीनं ‘लक्ष्मणरेषा’ सुचवली, तर दुसरीनं ताबडतोब विचारलं, ‘‘रेषा आखली कुणी आणि भोगलं कुणी?’’ शेवटी एका शेतकऱ्याच्या मुलानं शब्द दिला, ‘बांध’. तेव्हापासून मी तोच वापरते.

शेतातला बांध ज्यांनी पाहिला आहे त्यांना फार समजवावं लागत नाही. त्याच्यावरून दोन्हीकडचे लोक चालतात, त्यावर गवत उगवतं, बाभळीच्या सावलीला बसून भाकरी खाता येते. पलीकडचं पीक दिसतं, हाक मारता येते. फक्त आपला नांगर कुठे वळवायचा ते बांध सांगतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बांध कुणी एका दिवसात मोडत नाही, तो कोरला जातो. दर हंगामाला वीतभर. दहा वर्षांनी मोजणी आणावी लागते, दावा लागतो, आणि कोरणारा अगदी मनापासून म्हणत असतो, की मी कुठे काय केलं?

समुपदेशनात हेच होतं. बांध कोरणारी माणसं बहुतेक वेळा चांगली माणसं असतात. वर्गात हे पटवणं सगळ्यात कठीण जातं. नीतीचा धडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लबाड, लंपट माणूस येतो आणि आपण तसे नाही म्हणून हा धडा आपल्यासाठी नाही असं वाटतं. लंपटपणाबद्दलचा नियम मी दहा मिनिटांत संपवते. आपल्याकडे आलेल्या व्यक्तीशी शरीरसंबंध किंवा प्रेमसंबंध नाहीत, नाहीत, नाहीत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची संहिता उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षं म्हणते, तिथल्याच समुपदेशकांची संघटना पाच वर्षं म्हणते. मी विद्यार्थ्यांना सांगते, तुम्ही वर्षं मोजतच बसू नका. झालं. पुढचे सगळे तास चांगुलपणासाठी.

आमच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण देते. व्यवसायानं परिचारिका, पन्नाशीच्या आसपासची, कुणाच्याही मदतीला धावणारी. सरावाच्या काळात तिच्याकडे एक विशीतली मुलगी आली. नवरा नोकरीसाठी बाहेरगावी, घरात सासूचा जाच, माहेरचा आधार नाही. तिसऱ्या भेटीत ती खूप रडली. आमच्या ताईंनी आपला मोबाइल नंबर दिला, ‘‘कधीही वाटलं तर फोन कर.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी फुलाचं चित्र आणि ‘शुभ प्रभात’ आलं. ताईंनीही फूल पाठवलं. मग रविवारी दुपारी वीस मिनिटांचा फोन. मग रात्री साडेअकराला. घरच्यांनी विचारलं, कोण गं? तर म्हणाल्या, ‘‘माझीच एक लेक आहे.’’ पुढच्या एका भेटीत तिला धीर यावा म्हणून यांनी स्वतःच्या सासूची हकिगत सांगितली. दुसरा महिना उलटेपर्यंत अशी वेळ आली, की ती मुलगी आल्या आल्या विचारायची, ‘‘तुमच्या सासूबाईंची तब्येत कशी आहे?’’ आणि पन्नास मिनिटांतली पंधरा त्यात जायची.

मार्चमध्ये ताईंच्या मुलाची दहावीची परीक्षा आली. त्यांनी रात्रीचा फोन बंद ठेवायला सुरुवात केली. सांगितलं नव्हतं. सांगायचं काय, असंही त्यांना वाटलं असेल. एका रात्रीत चौदा निरोप येऊन पडले. पुढच्या भेटीला मुलगी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तीन आठवड्यांनी आमच्या कार्यालयात आली आणि म्हणाली, ‘‘मला दुसरं कुणी द्या. त्या ताई मला कंटाळल्या.’’

या मुलीला आयुष्यात आधी जवळ घेऊन मग दूर करणारी माणसंच भेटली होती. वडील तसे, नवरा तसा. आता समुपदेशकही त्याच यादीत गेला. नंबर दिलाच नसता तर ती नाराज झाली असती, पण तिला टाकून दिल्यासारखं वाटलं नसतं. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे शिकणाऱ्यानं आपलं काम अनुभवी माणसापुढे मांडायचं असतं त्या बैठकीत, आमच्या ताई रडल्या. मी त्यांना एवढंच विचारलं, की नंबर देताना मनात काय होतं? बराच वेळ थांबून त्या म्हणाल्या, ‘‘तिचं रडणं मला बघवेना.’’ म्हणजे नंबर हे औषध होतं, पण ते घेतलं ताईंनी. हे त्यांनी स्वतःच ओळखलं, आणि आज त्या उत्तम काम करतात.

मग रात्री साडेअकराला त्या मुलीनं करायचं काय? हा प्रश्न रास्त आहे आणि तो पहिल्याच भेटीत सोडवायचा असतो. आम्ही विद्यार्थ्यांना एक कागद करायला लावतो. आलेल्या व्यक्तीबरोबर बसून, तिच्याच हातानं. जीव नकोसा झाला तर घरातल्या, शेजारातल्या कुणाला उठवता येईल, त्या दोन माणसांची नावं. जिल्हा रुग्णालयाचा अपघात विभाग. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६, तिथे रात्रीही माणूस फोन उचलतो. आणि पुढच्या भेटीचा वार आणि वेळ. एकट्या समुपदेशकाचा मोबाइल कधीतरी बंद राहणारच. कागदावर चार दारं असली तर एखादं उघडं सापडतं.

आता ‘ताई’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे नातं लावल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. रिक्षावाला दादा, भाजीवाली मावशी, शेजारचे काका. तेव्हा समुपदेशकाला ताई, मावशी, सर म्हणणारच. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ‘‘मला नावानं हाक मारा’’ असं साठीच्या बाईंनी गावाकडच्या सुनेला सांगितलं, तर ती संकोचानं गप्प बसेल. मी सांगते, ताई म्हणू द्या. पण मावशी म्हटल्यावर मावशीचे हक्क आणि कर्तव्यं आपोआप येतात हे लक्षात ठेवा. मावशी भाचीच्या लग्नात पुढे होते, नवऱ्याला दोन शब्द सुनावते, वेळेला पैसे देते. ते तुम्ही करणार नाही आहात. शब्द राहू दे, पण त्यामागचं सगळं बोचकं उचलू नका. आणि आपण ‘अहो’ म्हणायचं की ‘अगं’? मोठ्या माणसाला ‘अहो’च. पंचविशीच्या मुलीनं स्वतःहून ‘‘मला अगं म्हणा’’ म्हटलं तर म्हणावं. आपण होऊन नाही. एकेरीवर येणं हा आपल्या भाषेतला बांध ओलांडणं आहे, इंग्रजी पुस्तकांत तो सापडणार नाही, कारण त्या भाषेत तो नाही.

बोलता बोलता आठवलं, ‘क्लायंट’ला मराठीत धड शब्द नाही. पाठ्यपुस्तकांत ‘सल्लार्थी’ आहे. आता आम्ही पहिल्याच आठवड्यात सांगतो, की घाईनं सल्ला देऊ नका, आणि शब्द मात्र सल्लार्थी! म्हणून मी आपली ‘आलेली व्यक्ती’ म्हणते.

भेटवस्तूंबद्दल थोडक्यात. दिवाळीत फराळाचा डबा येतो, मे महिन्यात आंबे येतात, चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं येतं. अमेरिकन समुपदेशकांच्या संहितेतसुद्धा हे मान्य केलं आहे, की काही संस्कृतींत छोटी भेट ही आदराची आणि कृतज्ञतेची खूण असते आणि ती घेताना-नाकारताना तिची किंमत, तिच्यामागचा हेतू आणि आपला हेतू पाहावा. तेव्हा चार चकल्या परत पाठवून कुणाचा अपमान करू नका. त्या भेटीतच डबा उघडा, सगळ्या कर्मचाऱ्यांत वाटा, आणि नोंदवहीत लिहा. साडी आली, चांदीची वाटी आली, तर घेऊ नका आणि का घेत नाही ते समोर बसून बोला. फी माफ केलेल्या माणसाकडून आलेली भेट तर विशेष विचार करून हाताळावी, कारण ती बहुधा फेड असते.

आता ज्या प्रश्नावर वर्ग दरवर्षी दुभंगतो तो सांगते. हा प्रसंग मी लिहून दिलेला आहे, पण असे फोन आम्हा सगळ्यांना येतात. एक गृहस्थ फोन करतात. आवाज सभ्य, काळजीचा. ‘‘मॅडम, आमच्या भाचीला स्थळ आलंय. मुलगा चांगला आहे, नोकरी आहे. पण तो मध्यंतरी तुमच्याकडे येत होता असं कानावर आलं. फार काही नको. फक्त हो की नाही, एवढं सांगा. मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे.’’

वर्गातल्या निम्म्याहून जास्त बायका म्हणतात, सांगायला पाहिजे. त्यांची कारणं हलकी नाहीत. आजार लपवून लग्नं लावली गेली आणि मुलींचं वाटोळं झालं, हे त्यांनी आपल्या घरात, नात्यात पाहिलेलं असतं. एका वर्षी एक बाई उठून उभ्या राहिल्या, ‘‘माझ्या आतेबहिणीच्या वेळी कुणी एक शब्द बोललं असतं तर ती आज सुखी असती.’’ वर्ग गप्प झाला. अशा वेळी कायद्याचं कलम वाचून दाखवण्यात अर्थ नसतो.

मी त्यांना विचारते, तुम्हाला या मुलाबद्दल नेमकं काय माहीत आहे? समजा, स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाल्यावर त्याला झोप लागेना, म्हणून तो सहा वेळा आला. बरा झाला, नोकरीला लागला. तुम्ही ‘हो’ म्हणालात. आता संध्याकाळपर्यंत त्या एका ‘हो’चं काय होईल? ‘‘वेड्यांच्या डॉक्टरकडे जात होता म्हणे.’’ आठवड्यात चार गावांत. लग्न मोडेल, ते एक. आणखी एक मुलगा त्या संध्याकाळी तुमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा असेल. खिशात चिठ्ठी असेल, कदाचित घरात दोरी शोधून झाली असेल. तो जिना न चढता परत जाईल, आणि तो परत गेला हे तुम्हाला कधी कळणारसुद्धा नाही.

मग कुणीतरी तोडगा काढतं. ‘‘जो येत नाही त्याच्याबद्दल ‘नाही’ सांगायला काय हरकत आहे? खोटं तर नाही.’’ इथे मी खडू हातात घेते. न येणाऱ्यांबद्दल तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि येणाऱ्यांबद्दल ‘सांगू शकत नाही’ म्हणालात, तर गावाला दोन आठवड्यांत कळेल, की ‘सांगू शकत नाही’ म्हणजे ‘हो’. म्हणून वाक्य एकच हवं, येणाऱ्यांसाठी, न येणाऱ्यांसाठी आणि स्वतःच्या सख्ख्या भावासाठीही. ‘‘माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही हे मी कुणालाच सांगत नाही.’’ हे वाक्य वर्गात प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घेते. ऐकायला सोपं वाटतं. पण पुढे गप्प राहणं जमत नाही. ‘‘तुम्ही त्यांनाच एकदा नीट विचारून घ्या हं’’ असं कुणी शेपूट जोडतं, आणि त्या ‘नीट’मध्ये सगळं सांगून होतं. एकदा निवृत्त बँकवाले काका म्हणाले, ‘‘खातं आहे की नाही हेही आम्ही सांगत नव्हतो.’’ त्यांना ते लगेच जमलं.

आणि ती भाची? तिचा विचार समुपदेशकानं करायचा, पण फोनवर मामांशी नाही, खोलीत त्या मुलाशी. ‘‘लग्न ठरतंय. तिला काय सांगायचं ठरवलंय? न सांगता सुरू केलं तर पहिल्या आजारपणाला काय होईल?’’ हे विचारण्याचा समुपदेशकाला अधिकार आहे आणि ते न विचारणं ही हयगय आहे. बरीच मुलं स्वतः सांगायला तयार होतात. कसं सांगायचं, याचा सराव आम्ही करून घेतो.

यावर एखादा वाचणारा विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयाचा १९९८चा निकाल काढतो. त्या प्रकरणात एका रुग्णालयाकडून एका माणसाला एचआयव्हीची लागण असल्याचं बाहेर कळलं आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. तो न्यायालयात गेला. होणाऱ्या वधूच्या जिवाला धोका होता, म्हणून न्यायालयानं रुग्णालयाला दोषी धरलं नाही. म्हणजे सांगायला हरकत नाही ना? मी म्हणते, पुढचंही वाचा. एचआयव्ही-एड्ससंबंधीचा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्यात जोडीदाराला सांगण्याची मुभा फक्त डॉक्टर आणि समुपदेशकाला आहे आणि तीही पायऱ्यापायऱ्यांनी. जोडीदाराला लागण होण्याचा मोठा धोका आहे अशी खात्री हवी, त्या व्यक्तीला स्वतः सांगण्याबद्दल समुपदेशन झालेलं हवं, तरीही ती सांगणार नाही असं दिसायला हवं, आणि ‘आता मी सांगणार आहे’ हे तिला आधी कळवायला हवं. सांगायचं तेही समोर बसवून, समुपदेशन करून. आणि सांगितल्यामुळे, विशेषतः एखाद्या बाईला, मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर सांगायचं नाही. एवढा विचार करून उघडलेलं ते दार आहे. मामांच्या फोनला त्यातून आत घेता येत नाही. झोप न लागणं संसर्गानं पसरत नाही.

तरी गुप्तता म्हणजे काहीही झालं तरी तोंड मिटून बसणं, असाही समज होऊ नये. त्यासाठी मी कॅलिफोर्नियातली एक घटना सांगते. तिचा भारताशी संबंध आहे. १९६९ साली बर्कलीच्या विद्यापीठात आपल्याकडून शिकायला गेलेला एक विद्यार्थी तिथल्या मानसशास्त्रज्ञाकडे उपचाराला जात होता. तातियाना तारासॉफ नावाच्या मुलीला आपण मारणार, असं त्यानं बोलून दाखवलं. मानसशास्त्रज्ञानं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, बोलून पाहिलं, शहाण्यासारखा वाटला म्हणून सोडून दिलं. वरिष्ठांनी पुढे काही करू नका म्हटलं. तातियानाला आणि तिच्या आईवडिलांना कुणीच काही सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्यानं तिला ठार मारलं. आईवडील न्यायालयात गेले. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला, की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं रक्षण करण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि त्याला अपवादही दिले आहेत. दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर ती टाळण्यासाठी माहिती देता येते. मात्र जरूर तेवढीच. माणूस वाचवायला जेवढं सांगावं लागतं तेवढं, त्याचं बालपण नाही.

सगळ्यात अवघड जातं ते शाळेत काम करणाऱ्यांना. अठरा वर्षांखालच्या मुलांवरील लैंगिक अत्याचारांबाबतचा २०१२चा कायदा, ज्याला सगळे ‘पोक्सो’ म्हणतात, तो सांगतो, की असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नात्यातल्या माणसानं लहान मुलीला त्रास दिला असेल, तर वर्गात कुणाचंच दुमत नसतं. पण सतरा वर्षांची मुलगी येऊन सांगते, की कॉलेजातल्या एका मुलाशी माझे संबंध आले, माझ्या मर्जीनं. कायदा तिची मर्जी धरत नाही. कळवलं तर मुलगा तुरुंगात, मुलगी घरात कोंडलेली, शिक्षण बंद, आणि ती पुन्हा कुणाशी बोलणार नाही. न कळवलं तर कायदा मोडला. माझं स्वतःचं मत असं, की या वयातल्या परस्परसंमतीच्या संबंधांबाबत कायद्यानं फेरविचार करावा. पण वर्गात मी माझं मत शिकवत नाही, कायदा शिकवते. आणि एक गोष्ट फार आग्रहानं शिकवते. काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, हे मुलांना त्यांनी काही सांगण्याआधी सांगा. त्यांना समजेल अशा मराठीत. ‘‘तू इथे जे बोलशील ते मी तुझ्या आईला, बाईंना सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्याशी शरीराचे संबंध ठेवले असतील, मग ते तुझ्या मर्जीनं असले तरी, मला ते पोलिसांना सांगावं लागतं.’’ आधी विश्वास कमवायचा, सगळं ऐकून घ्यायचं आणि मग कायदा काढायचा, हा त्या मुलीला लावलेला सापळा होतो. सांगायचं की नाही हे तिला ठरवू द्या.

पैसे देणारा माणूस वेगळा असला की आणखी गुंता होतो. वडील फी भरतात आणि महिन्यानं विचारतात, ‘‘मग, काय म्हणतोय आमचा?’’ मुख्याध्यापक विचारतात, ‘‘सातवी ‘ब’मधली ती कोण मुलगी, नाव सांगा.’’ यांना काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे काम घेतानाच ठरवावं, शक्यतो लिहून. वडिलांना राग येतो. त्यांची बाजूही मला कळते, पण मुलगा बोलायला लागला आहे तो वडिलांना कळणार नाही या भरवशावर.

आणि चहाची टपरी! तास संपला की आमचे विद्यार्थी समोर चहाला जातात. नावं घेत नाहीत, तेवढं शिकलेले असतात. ‘‘ती शिक्षकाची बायको, जिचा भाऊ अपघातात गेला.’’ टपरीवाल्याला शिक्षकही माहीत, अपघातही माहीत. मन मोकळं करायची गरज समुपदेशकालाही असते, अगदी खरी असते. सुपरव्हिजन त्यासाठीच असतं. तिथेही नाव न घेता, दार लावून.

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? श्रोत्यांपैकी फारच थोडे समुपदेशक होणार, पण पुष्कळ जणांना कधी ना कधी त्यांच्याकडे जावं लागेल. आपल्याकडे बरीच वर्षं ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचा जो कायदा झाला, त्याच्या यादीत समुपदेशकांचाही समावेश आहे. तेव्हा पहिल्या भेटीत निःसंकोच विचारा. तुमचं शिक्षण काय, किती काळ काम करता, तुमचं सुपरव्हिजन कोण करतं? मी बोललेलं कुठे लिहून ठेवता आणि ते कोण वाचतं? कोणत्या परिस्थितीत तुम्ही ते दुसऱ्याला सांगाल आणि आधी मला कळवाल का? दोन भेटींच्या मधे मला त्रास झाला तर मी काय करायचं? भाजी मंडईत भेटलो तर तुम्ही ओळख दाखवणार का? आम्ही या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं शिकवतो, की आलेल्या व्यक्तीनं आधी ओळख दाखवली तर दाखवावी, नाहीतर पुढे चालू लागावं. तुमचा समुपदेशक वेगळं काही सांगेल, पण त्यानं त्यावर विचार केलेला असला पाहिजे. आणि या प्रश्नांचा ज्याला राग येईल, त्याच्याकडे दुसऱ्या भेटीला जाऊ नका.